नंबर सोडून रंगवा

मी मूळचा बोर्ड पेंटर. दुकानांच्या पाट्या, टेम्पोमागची नावं, निवडणुकीत भिंती. फ्लेक्स आला, अक्षरांचा धंदा बसला, तेव्हापासून घरं रंगवतो. डिसेंबर २०१७ मध्ये ओळखीतला एक जण म्हणाला, घाटकोपरजवळचा असल्फ्याचा डोंगर, ती सगळी झोपडपट्टी रंगवतायत, पोरं हौशी आहेत, एखादा मुरलेला हात हवाय. देदीप्य रेड्डी यांचा तो ‘चल रंग दे’ उपक्रम. शनिवार-रविवारी काम. गेलो.

घाटकोपर-वर्सोवा मेट्रो २०१४ ला सुरू झाली आणि हा डोंगर रोज हजारो लोकांच्या नजरेसमोर आला. गाडीतून एकावर एक चढलेली घरं चित्रासारखी दिसतात. आत गल्लीत समोरून कोणी आलं की एकानं आडवं व्हायचं. पायऱ्या, त्यांच्या कडेनं नाली, दारात पाण्याची पिंपं, डोक्यावर वायरी. शिडी वळणावर अडकायची. मग ती उभी धरून घरांच्या वरून पुढच्या माणसाकडे द्यायची. रंगाच्या बादल्या हातोहात वर. पुढे छापून आलं, मुंबईचं पोझितानो! मी काही इटली पाहिलेली नाही. तिथे पिंपं भरायला किती वाजता उठतात, कोण जाणे.

पोरं गुणी होती, पण घाई फार. ओल्या भिंतीवर थेट रंगच लावायला निघायची. माझा अर्धा दिवस ओरडण्यातच जायचा: आधी पोपडे काढा, तारेचा ब्रश मारा, प्रायमरचा हात सुकू दे. नाहीतर पहिल्या पावसात पिवळा रंग नालीत.

एका रविवारी दुपारी असाच पिवळा घेऊन एका घराशी आलो, तर मावशी भिंतीवर पंजा ठेवून उभ्या.

“इथं नको.”

मला वाटलं, रंग पसंत नाही. डबे दाखवले, निळा, गुलाबी. त्यांनी पंजा उचलला. खाली तांबड्या रंगात सर्वेक्षणाचा नंबर होता, अर्धा पुसट. “दोन हजारच्या आधीचं घर आहे, भाऊ. उद्या साहेब आला आणि नंबर दिसला नाही तर?”

खरं तर पात्रता ठरते कागदांवर: वीजबिल, मतदारयादी, फोटोपास म्हणजे झोपडीधारकाचं सरकारी ओळखपत्र. १ जानेवारी २००० च्या आधीचा पुरावा असेल तर झोपडपट्टी पुनर्वसनात घर फुकट. पण सगळे कागद पिशवीत असले तरी ते याच दाराचे, हे सांगणारी खूण भिंतीवरच असते. मावशींना हे माझ्यापेक्षा चांगलं कळत होतं.

आता अक्षर म्हणजे माझा प्रांत. मी म्हटलं, “मावशी, भिंत रंगवतो आणि वर तोच नंबर असा काढून देतो की रस्त्यावरून वाचता येईल.” खडूची दोरी काढलीसुद्धा.

त्या हसल्या. “तुमचं अक्षर चांगलं आहे हो. म्हणूनच नको. साहेब म्हणेल, तुम्हीच काढलाय.”

तीस वर्षं अक्षरं घोटली. वेडावाकडा, ओघळ आलेला, कुणीतरी घाईत मारून गेलेला तो आकडा माझ्या सगळ्या कामापेक्षा भारी ठरला. राग आला नाही असं नाही. पण मास्किंग टेप काढली, नंबराभोवती चौकोन आखला आणि बाकीची भिंत पिवळी केली. चौकोन जुन्या मळक्या सिमेंटचाच राहिला.

ती बातमी माझ्याआधी गल्लीत चढली. वरच्या प्रत्येक दारात कोणी ना कोणी उभं: आमचाही सोडा. डिझाइन बघणारी मुलगी आधी वैतागली, मग तिनंच चौकोन धरून पानं आणि पक्षी बसवायला सुरुवात केली.

शेवटच्या घरापाशी एक माणूस थांबला होता. पत्र्याचं घर, एकच भिंत विटांची. मी नंबर शोधला. कुठेच नव्हता.

“तुमचा नाहीये,” मी म्हटलं.

“नाहीये. पण जागा सोडा.”

मी टेप फाडली आणि दाराच्या उजवीकडे वीतभर चौकोन चिकटवला.