पहिलीच्या मुलांना सैनिक कसा सांगायचा

७ डिसेंबर जवळ आला की शाळेत सैनिकांच्या निधीसाठी सशस्त्र सेना ध्वजदिनाचे छोटे झेंडे येतात. तांबडा, गडद निळा आणि फिकट निळा हे तीन पट्टे म्हणजे भूदल, नौदल आणि हवाई दल. १९४९ पासून हे चालू आहे. मुलं झेंडा छातीला लावून दिवसभर मिरवतात. फळ्यावर ‘सैनिक आपले रक्षण करतात’ असं लिहिलं जातं आणि विषय संपतो. सहा वर्षांच्या मुलाच्या डोळ्यांसमोर त्यातून काहीही उभं राहत नाही.

मी पहिलीला शिकवते. माझे मिस्टर एएससीत, म्हणजे सैन्याला रसद पोचवणाऱ्या आर्मी सर्व्हिस कोअरमध्ये ड्रायव्हर होते, आता रिटायर झालेत. त्यामुळे मी वर्गात सैनिकाची गोष्ट ट्रकपासून सुरू करते. श्रीनगरहून लेहला जाताना झोजिला लागतो, साडेअकरा हजार फुटांवरची खिंड. हिवाळ्यात बर्फ पडलं की तो रस्ता बंद होतो. मग वर पहाऱ्यावर राहिलेल्यांनी खायचं काय? मुलं विचारात पडतात. डाळ, तांदूळ, पीठ, रॉकेल, औषधं, सगळं उन्हाळ्यातच वर पोचवून ठेवावं लागतं. एकामागे एक ट्रक, एका बाजूला कडा, दुसऱ्या बाजूला दरी. ते ट्रक चालवणारा सैनिक, वर पोळ्या भाजणारा सैनिक, गाडी बंद पडली तर दुरुस्त करणारा आणि ताप आला तर औषध देणाराही सैनिकच. हे मुलांना लगेच कळतं, कारण घरात कोण स्वयंपाक करतं आणि कोण सामान आणतं हे त्यांना ठाऊक असतं. कोणीतरी थंडीत उभं आहे आणि त्याचं जेवण पोचवायला आणखी कोणीतरी जागं आहे, एवढं चित्र मनात आलं की आभार मानायला वेगळं शिकवावं लागत नाही.

दुसरी गोष्ट पत्त्याची. राखीपौर्णिमेला शाळा सैनिकांना राख्या पाठवतात. पाकिटावर युनिटचं नाव आणि पुढे ‘५६ एपीओ’ किंवा ‘९९ एपीओ’. एपीओ म्हणजे आर्मी पोस्ट ऑफिस. गाव नाही, तालुका नाही, जिल्हा नाही. आपले पप्पा नेमके कुठे आहेत हे पत्ता वाचून घरच्यांनाही कळत नाही, तरी पत्र पोचतं. दिल्ली आणि कोलकात्याला सैन्याची टपाल कार्यालयं ही पत्रं वेगळी करून पुढे पाठवतात. माझ्या वर्गातली मुलं या पत्त्यावर प्रश्नांमागून प्रश्न विचारतात आणि मी मुद्दाम तिथे रेंगाळते.

आता एक गोष्ट कळकळीने सांगायची आहे. लहान वर्गांतल्या भाषणांत ‘रक्ताचा शेवटचा थेंब’ आणि ‘हसत हसत प्राण दिले’ घालू नका. आमची लेक बालवाडीत असताना स्वातंत्र्यदिनी असं एक भाषण ऐकून घरी आली आणि तिने विचारलं, ‘‘आई, मग पप्पा पण मरणार का?’’ तेव्हा हे फिल्डला, म्हणजे सीमेकडच्या ड्युटीवर होते. त्या रात्री ती माझा पदर सोडेना. तुमच्या वर्गातही एखाद्या फौजीचं मूल बसलेलं असू शकतं. बलिदान सांगायचंच आहे, पण चौथी-पाचवीत, मुलाला ते पेलवेल तेव्हा. तोवर सैन्याच्या इंजिनिअर दलातल्या रामा राघोबा राणे यांची गोष्ट सांगावी. एप्रिल १९४८ मध्ये जम्मू-काश्मीरमधल्या राजौरीकडे जाणारा रस्ता शत्रूने सुरुंग पेरून आणि झाडं आडवी पाडून अडवला होता. राणे जखमी असूनही तो मोकळा करत राहिले, म्हणून मागचे रणगाडे पुढे जाऊ शकले. त्यांना परमवीर चक्र मिळालं आणि पुढे ते कितीतरी वर्षं जगले. रस्ता मोकळा करणारा वीर पहिलीच्या मुलाला पुरेपूर समजतो.

‘‘सैनिक माणसं मारतात का?’’ हा प्रश्न येतोच. मी तो टाळत नाही. त्यांच्याकडे बंदूक असते, ती चालवायची वेळ येऊ नये असं त्यांनाही वाटतं, पण आली तर ते पळून जात नाहीत. एवढंच सांगते.

ध्वजदिनाचे पैसे कुठे जातात हेही मुलांना सांगा. माजी सैनिकांसाठी, वीरपत्नींसाठी, जायबंदी जवानांसाठी. पुण्याजवळ खडकीला १९७४ पासून एक पुनर्वसन केंद्र आहे. मणक्याला इजा झालेले जवान तिथे व्हीलचेअरवरून खेळतात, कामं शिकतात. त्या केंद्रालाही या निधीतून मदत मिळते. आपल्या पाच रुपयांचा व्हीलचेअरशी संबंध आहे हे कळलं की मुलं पैसे नुसते डब्यात टाकत नाहीत, विचारत बसतात.

आणि कृपा करून मुलांना सलाम ठोकायला लावून फोटो काढू नका. त्यापेक्षा बोलायला लावा. बँकेच्या दारात बंदूक घेऊन उभे असलेले काका बहुतेक वेळा माजी सैनिक असतात. पुढच्या वेळी बँकेत जाल तेव्हा मुलांना बरोबर न्या, ‘‘काका, तुम्ही कुठे कुठे होतात?’’ हे त्यांनाच विचारू द्या, आणि तुम्ही घाई न करता बाजूला थांबा. माझे मिस्टर एकदा आमच्या वर्गात आले होते, तेव्हा पोरांचा पहिला प्रश्न होता, ‘‘तिकडे आंघोळ कशी करायचात?’’ बर्फ वितळवून पाणी कसं करायचं इथपासून सुरुवात झाली आणि मधली सुट्टी संपली तरी कोणी उठेना.