महापूर एक की अनेक?

शतपथ ब्राह्मण या वैदिक ग्रंथातील मनूची कथा मला इतर प्रलयकथांपेक्षा जवळची वाटते. सकाळी हात धुण्यासाठी आणलेल्या पाण्यात मनूला इवलासा मासा सापडतो. मोठे मासे लहानांना गिळतात, म्हणून आधी घागरीत, मग खड्ड्यात आणि अखेर समुद्रात ठेव, असे तो सांगतो आणि पुढे त्याच्याच शिंगाला दोर बांधून मनूची नौका उत्तरेच्या पर्वताला लागते. अशाच कथा इतरत्रही आहेत. ब्रिटिश म्युझियममधील अभ्यासक जॉर्ज स्मिथ यांनी १८७२ मध्ये आजच्या इराकमधील निनेवे या प्राचीन नगरातील मातीच्या पाटीवरची प्रलयकथा लंडनमध्ये वाचून दाखवली, तेव्हा बायबलमधील नोहाच्या कथेशी असलेल्या तिच्या साम्यामुळे मोठी खळबळ उडाली.

सगळ्या कथांमागे एकच जागतिक महापूर असावा, ही कल्पना मोहक असली तरी पुरावा तिच्या बाजूने नाही, असे माझे स्पष्ट मत आहे. पुरातत्त्वज्ञ लिओनार्ड वूली यांना १९२९ च्या सुमारास दक्षिण इराकमधील ऊर या प्राचीन नगरात ८ फुटांहून अधिक जाडीचा निव्वळ गाळ सापडला. त्याच्या वर आणि खाली मात्र मानवी वस्तीच्या खुणा होत्या. हाच तो प्रलय, असे त्यांनी मानले. परंतु त्याच भागातील शुरुप्पाक या प्राचीन नगरातील पुराचा थर त्यानंतर कित्येक शतकांनी साचलेला आहे आणि ऊरपासून जवळच असलेल्या एरिदूमध्ये असा थर आढळतच नाही. तिग्रिस आणि युफ्रेटिस या नद्यांनी सपाट प्रदेशातली गावे वेगवेगळ्या काळी बुडवली, एवढेच त्यातून सिद्ध होते. ज्याचे घरदार, गुरेढोरे आणि पेरलेले शेत एका रात्रीत वाहून गेले, त्याच्या दृष्टीने मात्र सारे जगच बुडालेले असते.