चोरी नव्हे, घाई

शिकागोच्या उपनगरातील हौशी स्लो पिच सॉफ्टबॉल लीगमध्ये मी संध्याकाळी पंचाचे काम करतो. या प्रकारात पिचर चेंडू संथ आणि उंच कमानीत टाकतो. एका सामन्यात सातवा, म्हणजे शेवटचा डाव सुरू होता, दोन गडी बाद होते, फलंदाजी करणारा संघ एका धावेने मागे होता आणि पहिल्या बेसवर एक चपळ धावपटू उभा होता. पिचरने चेंडू उंच सोडला. तो खाली येत असतानाच धावपटूचा पाय बेसवरून सुटलेला मला स्पष्ट दिसला, आणि मी हात वर करून ‘डेड बॉल’, म्हणजे खेळ थांबल्याचे, पुकारले. त्याच क्षणी बॅटरने चेंडू दूर टोलवला होता. त्या गोंगाटात माझी हाक कुणालाच ऐकू गेली नाही आणि धावपटू थेट होम प्लेटवर, म्हणजे धाव पूर्ण होते तिथे, पोहोचून नाचू लागला. त्याला बाद ठरवून, तो टाकलेला चेंडू आणि तो फटका दोन्ही रद्द झाल्याचे मी सांगितले तेव्हा तिसरा गडी बाद होऊन सामना संपला होता आणि वाद सुरू झाला होता.

संघाच्या व्यवस्थापकाचा मुद्दा वरवर पाहता बिनतोड होता. या लीगमध्ये स्टीलला, म्हणजे चेंडू टोलवला न जाताच पुढचा बेस ‘चोरण्याला’, परवानगीच नाही, धावपटू फटक्यावर धावला, मग त्याने चोरले काय? परंतु स्टीलवरील बंदी आणि बेस सोडण्याची वेळ हे दोन स्वतंत्र नियम आहेत. शाळेत असताना आम्ही महाराष्ट्रात फास्ट पिच, म्हणजे वेगाने चेंडू टाकण्याचा प्रकार, खेळायचो. तिथे चेंडू पिचरच्या हातून सुटताच धावपटूला निघता येते. स्लो पिचमध्ये मात्र चेंडू टोलवला जाईपर्यंत, जमिनीला लागेपर्यंत किंवा होम प्लेटपर्यंत पोहोचेपर्यंत बेसला पाय लावून राहावे लागते. कारण उघड आहे. यूएसए सॉफ्टबॉल या अमेरिकेतील राष्ट्रीय संघटनेच्या नियमांनुसार चेंडूची कमान जमिनीपासून 6 ते 10 फूट उंच असावी लागते. दहा फुटांपर्यंत चढलेला चेंडू सुमारे दीड सेकंद हवेत राहतो, आणि तेवढ्या वेळात दोन बेसमधील 65 फुटांपैकी बरेच अंतर कापता येते. ही सवलत दिली तर साध्या जमिनी फटक्यावर दुसऱ्या बेसवर धावपटूला बाद करणे जवळपास अशक्य होईल.

व्यवस्थापकाने औपचारिक हरकत घेण्याची तयारी दर्शवली. पाय केव्हा सुटला हा पंचाच्या निर्णयाचा भाग असल्याने त्यावर हरकत चालत नाही. नियमाचा अर्थ चुकीचा लावला असेल तर चालते. म्हणून मुख्य पंचांनी नियमपुस्तिकेतील ते कलमच वाचून दाखवले. (पराभूत संघाने ते इतक्या शांतपणे ऐकावे, हे क्वचितच घडते.) हरकत मागे घेताना व्यवस्थापकाने विचारले की, पुढच्या स्पर्धेत स्टीलची मुभा आहे, तिथे तरी लवकर निघता येईल का? मी म्हणालो, निघण्याचा क्षण तिथेही साधारण हाच असतो. चेंडू टोलवला गेला नाही तरी पुढे जाता येते, इतकाच फरक. मात्र चेंडू प्लेटच्या आधी जमिनीवर पडला तर काय, हे त्या स्पर्धेच्या पंचांना सामन्यापूर्वीच विचारून घ्या.