काकूंच्या बिलबुकांचा डबा
आज नौपाड्यातल्या ऑफिसात एक काकू आल्या, सोबत लेक आणि एक मोठा पत्र्याचा डबा. गोडा मसाला, मेतकूट, थालीपीठ भाजणी, १८ वर्षं एकाच नावाने विकतायत, आणि आता तेच नाव दुसऱ्या कुणीतरी ट्रेडमार्क नोंदणीला टाकलंय, जर्नलमध्ये (असे अर्ज जाहीर होतात ते सरकारी पत्रक) आलंय. काकू म्हणाल्या, "मॅडम, आता नाव बदलायचं का हो?"

नाही काकू, अजिबात नाही!

जर्नलमध्ये आल्यापासून ४ महिन्यांत विरोध नोंदवता येतो, ऑनलाइन केला तर एका क्लासला (म्हणजे मालाच्या एका वर्गाला) फी २,७०० रुपये, काकूंच्या मुदतीचे अजून पाच आठवडे शिल्लक होते म्हणून माझ्या जिवात जीव आला. आपल्या कायद्यात आधीपासून नाव वापरणाऱ्याला किंमत आहे, १९९९ च्या कायद्याचं कलम ३४ त्यासाठीच आहे, पण वापर सिद्ध करायला कागद लागतो आणि घरगुती धंद्यात नेमका तोच नसतो.

मग काकूंनी डबा उघडला. लेबल छापल्याची बिलं, २००९ पासूनची बिलबुकं, सगळी वर्षवार दोरीने बांधलेली, मसाल्याचा वास अजून तसाच. खरं सांगते, डोळ्यात पाणी आलं.

मसाला करणाऱ्या, पापड लाटणाऱ्या सगळ्या मावश्यांना सांगा, लहान धंद्याला अर्जाची ऑनलाइन फी ४,५०० रुपये आहे, नोंदणी १० वर्षं चालते, पुढे रिन्यू होते. आणि जुनी बिलं रद्दीत देऊ नका प्लीज.

उद्या काकूंचं विरोधपत्र लिहायला बसतेय.