पहाटे तीनला पुणे–महाबळेश्वर: दिवे, रेडियम आणि रस्ता

पुण्याहून महाबळेश्वर सायकलने साधारण १२० किलोमीटर. डिसेंबरात सूर्य सातच्या आसपास उगवतो. स्वारगेटहून पहाटे तीनला निघालं की पहिले चार तास अंधाराचे, आणि कात्रजचा जुना घाट, महामार्गाचा पन्नासेक किलोमीटरचा पट्टा, खंबाटकी हे तिन्ही त्यातच येतात. उजाडल्यावर निघालं तर पसरणी घाट भर उन्हात चढावा लागतो, म्हणून पहाटच बरी. मात्र मागून येणाऱ्या ड्रायव्हरला तुम्ही किती आधी दिसता, यावर या चार तासांत सगळं अवलंबून असतं.

ताशी ८० किलोमीटरने धावणारी गाडी सेकंदाला २२ मीटर जाते. समोर काहीतरी आहे हे कळून पाय ब्रेकवर जाईपर्यंत दोन सेकंद धरली, तर ४४ मीटर नुसते निघून जातात, ब्रेक त्यानंतर लागतो. डिपरवरचा हेडलाइट कामाचा उजेड टाकतो तो पन्नासेक मीटरपर्यंत. काळं जॅकेट आणि काळी पँट घातलेला सायकलवाला त्यातही उशिराच दिसतो. चांगलं रेडियम शंभर मीटरच्या पलीकडून चमकतं आणि साधा लाल टेललाइट सरळ रस्त्यावर त्याहून कितीतरी लांबून दिसतो.

रंगांबद्दल आधी, कारण बाजारात चाकाच्या स्पोकमध्ये लावायचे हिरवे, निळे, जांभळे दिवे भरपूर मिळतात. समोर पांढरा, मागे लाल, बाजूला पिवळा, यापलीकडे जाऊ नका. ट्रकवरच्या रेडियमच्या पट्ट्याही याच क्रमाने असतात: पुढे पांढरी, बाजूला पिवळी, मागे लाल. रात्रभर गाडी चालवणाऱ्याची नजर याच खुणांना सरावलेली असते. लाल दिसलं की ‘माझ्याच दिशेने जाणारं काहीतरी’, पांढरं दिसलं की ‘समोरून येणारं’, हे त्याला विचार न करता कळतं. पुढच्या बाजूला लाल दिवा लावलात तर तो तुमची दिशाच उलटी वाचेल. लाल-निळे झगझगणारे दिवे पोलीस आणि रुग्णवाहिकांसारखे दिसतात, ते नकोतच. स्पोकमधले रंगीत दिवे शहरातल्या चौकात बाजूने दिसायला चालतील, महामार्गावर मागून येणाऱ्याला ते जवळपास दिसतच नाहीत.

मागे दोन टेललाइट हवेत. एक सीटपोस्टवर (सीटखालच्या दांड्यावर), कायम जळता. दुसरा सीट-स्टेवर (सीटखालून मागच्या चाकाकडे जाणाऱ्या नळीवर) किंवा हेल्मेटच्या मागे, सावकाश लुकलुकणारा. लुकलुकता दिवा लक्ष वेधतो, पण त्यावरून अंतराचा अंदाज येत नाही. तो अंदाज कायम जळणाऱ्या दिव्यावरून येतो. बीआरएम या लांब पल्ल्याच्या, ठरावीक वेळेत पूर्ण करायच्या सायकल राइडच्या नियमांतही रात्री मागचा किमान एक दिवा न लुकलुकणारा असावा, दिवे सायकलला पक्के बसवलेले असावेत आणि अंगावर रिफ्लेक्टिव्ह जॅकेट किंवा पट्टा असावा, असं आहे. जर्मनीत तर सायकलला लुकलुकता दिवा चालतच नाही. रात्रीसाठी २० ते ५० ल्युमेनचा (ल्युमेन म्हणजे उजेडाचं माप) टेललाइट पुरतो. दीडशेचा झगमगाट मागच्या सायकलवाल्याचे डोळे दिपवतो, त्यामुळे गटात असाल तर सर्वांत शेवटच्यानेच ब्लिंकर चालू ठेवावा, बाकीच्यांनी कायम जळता आणि मंद.

टेललाइटची सर्वांत नेहमीची फजिती बॅटरीची नसते. सीटखालची बॅग फुगते किंवा विंडचीटरची मागची बाजू लोंबते आणि दिवा झाकला जातो. निघण्याआधी सायकलवर बसा आणि दुसऱ्याला दहा पावलं मागे जाऊन बघायला सांगा. दिव्याचा रोख जमिनीला समांतर हवा. रबरी पट्ट्यावरचा दिवा खड्ड्यांनी हळूहळू खाली झुकतो आणि नुसत्या डांबराला लाल करत राहतो. पट्ट्याखाली जुन्या ट्यूबचा तुकडा घातला की तो घसरत नाही.

पुढच्या दिव्याचं गणित बॅटरीपासून सुरू होतं. महामार्गाच्या अंधाऱ्या पट्ट्यात ४०० ल्युमेन हवेत. चांगल्या दिव्याला एका वॅटमागे साधारण १०० ल्युमेन मिळतात, म्हणजे ४ वॅट. २,६०० एमएएच क्षमतेचा एक १८६५० सेल (अशा दिव्यांत असतो तो लिथियमचा गोल सेल) सुमारे साडेनऊ वॅट-तास देतो. दोन सेलांचे झाले एकोणीस, म्हणजे कागदावर पावणेपाच तास. सेल जुना असेल, थंडी असेल तर चारच्या खाली येतं. म्हणून शहरात आणि चढावर १५०–२०० वर ठेवायचा आणि सपाटीला, उताराला वाढवायचा. एका सेलवर ‘८,००० ल्युमेन’ छापलेला दिवा दिसला तर दुकानदाराला नमस्कार करून पुढे जा. त्याला ८० वॅट लागतील. आणखी एक गोष्ट घरीच तपासा: काही दिवे पॉवर बँकेला जोडले की नुसते चार्ज होतात, जळत नाहीत.

रोख लावायला भिंतीपासून पाच मीटरवर सायकल उभी करा. दिवा जमिनीपासून एक मीटरवर असेल, तर झोताचा सर्वांत उजळ भाग भिंतीवर ७५ सेंटीमीटरवर पडला पाहिजे. असा झोत रस्त्यावर वीस मीटर पुढे टेकतो आणि समोरच्याच्या डोळ्यांत जात नाही. समोरून अप्पर-डिप्पर येत असेल, तर तुमचा दिवा वर आहे असं समजा.

आता रेडियम. दिवा स्वतः दिसतो. रेडियमचं तसं नाही. हेडलाइटचा झोत त्यावर पडला तरच तो उजेड ड्रायव्हरकडे परततो. फ्लोरोसंट पिवळा किंवा पोपटी रंग तिसऱ्याच प्रकारचा. तो सूर्यप्रकाशातल्या अतिनील किरणांवर चमकतो, म्हणून उजाडताना आणि ढगाळ दिवसा कामाचा, रात्री मात्र साध्या पिवळ्या कापडाइतकाच. स्वस्त जॅकेटांवर बऱ्याचदा नुसती चंदेरी पट्टी शिवलेली असते. ओळखायची सोपी रीत: अंधाऱ्या खोलीत जॅकेट टांगा, दहा पावलांवरून मोबाइलचा टॉर्च डोळ्याशेजारी धरून बघा. खरी पट्टी पांढरी पेटल्यासारखी दिसते, खोटी राखाडीच राहते. ‘ईएन आयएसओ २०४७१, वर्ग २’ असं (लांबून दिसणाऱ्या कपड्यांचं मानक) लिहिलेलं जॅकेट मिळालं तर बरं. त्यात किमान ०.१३ चौरस मीटर रिफ्लेक्टिव्ह पट्टी असते. अशा पट्टीवर काचेचे बारीक मणी असतात. ओली झाली की तिची चमक बरीच उतरते आणि ब्रशने धुतली तर मणी निघून जातात.

सायकलवर लावायला ट्रकची ५० मिलिमीटर रुंदीची प्रिझमवाली पट्टी सर्वांत चांगली, कारण ती पावसातही चमकते. नाना पेठेत गाड्यांच्या सुट्या भागांच्या दुकानांत किंवा कुठल्याही रेडियमवाल्याकडे मिळेल. एक मीटर लाल आणि अर्धा मीटर पिवळी पुरते. एक सेंटीमीटर रुंदीचे तुकडे करून कोपरे गोल कापा (टोकदार कोपरा आधी सुटतो). फ्रेम स्पिरिटने पुसा, अंगठ्याने दाबत चिकटवा आणि रात्रभर राहू द्या. लाल पट्टी सीट-स्टेच्या मागच्या बाजूला आणि मडगार्डवर, पिवळी पुढच्या फोर्कच्या (पुढचं चाक धरणाऱ्या दोन दांड्यांच्या) बाजूंना आणि क्रँकवर (पेडलच्या दांड्यावर). रिम ब्रेक (चाकाच्या कडेवर घासणारा) असेल तर रिमच्या कडेला अजिबात नको. हेल्मेट थिनरने पुसू नका, कवच कमजोर होतं.

आणि काहीही विसरलात तरी घोट्यावरच्या पट्ट्या विसरू नका. १७० मिलिमीटरच्या क्रँकवर पाऊल प्रत्येक फेरीत ३४ सेंटीमीटर वर-खाली होतं. स्वीडनच्या गुन्नार योहान्सन यांनी १९७३ मध्ये दाखवलं होतं की अंधारात माणसाच्या सांध्यांवर फक्त काही ठिपके उजळले, तरी ते हलू लागताच बघणारा लगेच ‘हा माणूस आहे’ असं ओळखतो. जॅकेटची पट्टी लांबून खांब किंवा बॅरिकेडही वाटू शकते. वर-खाली होणारे दोन ठिपके पाहिले की पुढे सायकलवाला आहे हे कळतं. पट्टी दोन्ही घोट्यांना हवी, पँटच्या वरून.

रस्त्याचं बोलायचं तर कात्रजपर्यंत पथदिवे आहेत. तिथून बायपासच्या नव्या बोगद्याऐवजी जुना घाट घ्यावा. वळणांवर एक गोष्ट ध्यानात ठेवा: वर येणाऱ्या गाडीचा झोत वळणावर सरळ पुढे, दरीकडे किंवा कड्यावर जातो, तुमच्यावर पडतच नाही. तिथे रेडियम निरुपयोगी, फक्त तुमचा दिवा दिसतो. जुन्या बोगद्यात शिरण्याआधी पुढचा दिवा वाढवा. आत दोन्ही दिशांची वाहतूक असते आणि रस्ता अरुंद आहे.

शिंदेवाडीपासून शिरवळपर्यंत डाव्या साइडपट्टीवरून जाताना मागच्या गाड्यांपेक्षा पुढचंच जास्त सांभाळावं लागतं: विनादिव्याचा उभा ट्रक, सांडलेली खडी, उलट्या दिशेने येणारी मोटारसायकल. त्या मोटारसायकलवाल्याने तुम्हाला बघावं म्हणूनच पुढचा दिवा कायम जळता ठेवा. जिथे सर्व्हिस रोड सलग आहे तिथे तो वापरा, पण तो मधेच संपतो आणि महामार्गावर पुन्हा चढताना मागून येणाऱ्याला तुमची फक्त बाजू दिसते. फोर्कवरची पिवळी पट्टी तिथे उपयोगी पडते.

नीरा ओलांडली की सातारा जिल्हा. खंडाळ्यात चहा घ्या, टेललाइटची काच फडक्याने पुसा (धुळीचा थर बसलेला असतोच) आणि मग खंबाटकी. पुण्याकडून जाणारी वाहतूक घाटाने चढते, बोगदा साताऱ्याकडून येणाऱ्यांसाठी. चढावर सायकल ताशी सात-आठ किलोमीटरवर येते आणि भरलेले ट्रकही रांगत असतात. त्यांना ओव्हरटेक करणारी गाडी अचानक डावीकडे घुसते. दोन्ही टेललाइट चालू, डाव्या कडेपासून अर्धा मीटर आत, आणि ट्रकच्या अगदी मागे नाही, कारण तिथे तुम्ही त्याच्याच सावलीत लपता. नव्या जोडबोगद्यांच्या कामामुळे इथली वळणं बदलत असतात, निघण्याआधी ताजी माहिती घ्या.

सुरूर फाट्याला उजवीकडे वळायचं आहे. हात दाखवला तर अंधारात तो दिसत नाही, म्हणून उजव्या मनगटावर एक पट्टी बांधा. वाईच्या रस्त्यावर गळीत हंगामात उसाच्या ट्रॉल्या असतात. मागे बाहेर आलेला ऊस ट्रॉलीचे दिवे झाकतो, तेव्हा उजाडलं तरी पुढचा दिवा बंद करू नका.

पसरणी घाट वाईहून पाचगणीपर्यंत बारा किलोमीटर. तुम्ही पश्चिमेकडे चढता, सूर्य पाठीशी. उतरणाऱ्या ड्रायव्हरच्या मात्र तो डोळ्यांत असतो, आणि तुम्ही त्याच तिरीपेत. इथे पुढचा दिवा लुकलुकता ठेवणं योग्य आणि फ्लोरोसंट जॅकेटही आता कामाला येतं. पाचगणीच्या पुढे धुकं मिळालं तर पुढचा दिवा मंद करा. हँडलवरचा मोठा झोत धुक्यात परत तुमच्याच डोळ्यांवर येतो. दिवा फोर्कवर खाली लावता आला तर रस्ता बराच दिसतो. मागचा लाल मात्र पूर्ण आणि न लुकलुकता.

त्याच दिवशी परतणार असाल तर चार्जिंग महाबळेश्वरातच उरका. दिव्यांच्या पोर्टवरचं रबरी झाकण नीट दाबा, धुक्याचं पाणी तिथूनच आत जातं. येताना खंबाटकीचा बोगदा लागतो: भर दिवसाही आधी दिवे लावा, काळा चष्मा काढा, मगच आत शिरा. बाहेर पडल्यावर उताराला एस-आकाराचं वळण आहे, तिथे वेग बोगद्यातच कमी केलेला असावा.