बटाट्याचा चतकोर

उत्तर आयर्लंडमधल्या बेलफास्टला राहायला आले त्या पहिल्याच रविवारी नाश्त्याच्या ताटात एक त्रिकोणी तुकडा आला, दोन्ही बाजूंनी तपकिरी डाग पडलेला. इथल्या ‘अल्स्टर फ्राय’मध्ये बेकन, सॉसेज असतं. मी ते खात नाही म्हणून माझ्या ताटात अंडी, टोमॅटो, मशरूम, सोडा ब्रेड आणि हा तुकडा एवढंच होतं. घास घेतला तर बटाटा. आलू पराठ्यासारखं सारण भरलेलं नव्हतं, सगळी भाकरीच बटाट्याची होती. कडेला कुरकुरीत, आत लोण्यासारखी मऊ.

इथे त्याला पोटॅटो ब्रेड म्हणतात, काही घरांत ‘फाज’ म्हणतात, आणि आकारावरून ‘फार्ल’. हा फार्ल शब्द जुन्या स्कॉट्स भाषेतल्या ‘फार्डेल’वरून आला, त्याचा अर्थ चौथा भाग. गोल लाटायचं, सुरीने चार भाग करायचे, त्यातला एक म्हणजे फार्ल. आपल्याकडे भाकरीचा चतकोर म्हणतात, अगदी तोच.

दुकानात पाकिटात मिळतो, पण मला घरी करायचा होता. मी मंचरजवळच्या सातगाव पठाराची. आमच्याकडे पावसाळ्यात घरोघरी बटाटा लागतो. बेणं कापण्यापासून पिशव्या भरण्यापर्यंत सगळं लहानपणापासून पाहिलेलं. बटाट्याचं काही मला नव्याने शिकायला लागेल असं वाटलं नव्हतं.

पहिल्यांदा केला तो जून महिना होता. बाजारात कॉम्बरचे नवे बटाटे आले होते. कॉम्बर हे बेलफास्टजवळचं गाव. तिथल्या या हंगामी बटाट्याला 2012 साली युरोपचं भौगोलिक मानांकन मिळालं. पातळ सालीचे, लहान, नुसते उकडून लोणी लावून खावेत असे गोड. मी तेच आणले, कुकरला तीन शिट्ट्या दिल्या, सोलून मिक्सरमधून फिरवले. भांड्यात अक्षरशः खळ तयार झाली. त्यात मैदा घालत गेले, घालत गेले, शेवटी लाटण्यासारखा गोळा झाला तेव्हा बटाट्याची चवच उरली नव्हती. तव्यावर वरून करपला, आत कच्चा राहिला.

दुसऱ्या वेळी बटाटा बदलला, मिक्सर टाळला, पण कुकर सोडला नाही. फोडी करून पाण्यातच शिजवल्या आणि त्यांनी पाणी पिऊन घेतलं. तिसऱ्या वेळी आदल्या रात्रीचा उकडलेला बटाटा फ्रिजमधून काढला आणि कणकेसारखा पाच मिनिटं मळला. लाटताना कडा फाटत होत्या आणि मध्ये पोळपाटाला चिकटत होतं. त्या दिवशी मला खरोखर वाईट वाटलं. एवढा साधा पदार्थ, तीनच जिन्नस, आणि हाताला कळत नाही म्हणजे काय.

शेजारी एक आजी राहतात, ऐंशीच्या पुढच्या. त्यांना सांगितलं तर त्यांनी पहिला प्रश्न विचारला, बटाटा कुठला होता? मी कॉम्बरचं नाव घेतल्यावर त्या मान हलवत म्हणाल्या, “नाही गं बाळा, तो नुसता उकडून खायचा बटाटा. भाकरीला पिठूळ लागतो.” शनिवारी सकाळी त्यांच्या स्वयंपाकघरात बोलावलं.

तिथे ‘रूस्टर’ जातीचे लाल सालीचे बटाटे होते. पिठूळ बटाट्यात स्टार्च जास्त, पाणी कमी. शिजल्यावर त्याच्या पेशी एकमेकींपासून सुट्या होतात, म्हणून तो भुसभुशीत फुलतो. मिक्सरचं पातं त्याच पेशी फोडतं, आतला स्टार्च बाहेर येतो आणि खळ होते. माझ्या पहिल्या घाण्यात नेमकं हेच झालं होतं.

आजींनी बटाटे सोलून सारख्या आकाराच्या मोठ्या फोडी केल्या, मिठाच्या गार पाण्यात घालून मंद उकळीवर ठेवल्या. सुरी अलगद आत गेली की पाणी पूर्ण ओतून टाकलं. यानंतरची गोष्ट मी कधीच विसरणार नाही. रिकामं झालेलं पातेलं परत अगदी बारीक आचेवर ठेवलं आणि त्यावर झाकणाऐवजी स्वच्छ सुती फडकं टाकलं. झाकण घातलं तर वाफेचं पाणी होऊन परत बटाट्यावर पडतं. फडकं ती वाफ पिऊन घेतं. दोनेक मिनिटांनी फडकं उचललं तर फोडींच्या कडा पांढऱ्या, रव्यासारख्या झाल्या होत्या. पातेलं हलवलं की तळाला कोरडा खरखर आवाज येत होता. आजी म्हणाल्या, “हा आवाज आला की समज.”

मग गरम असतानाच कुस्करायचं. मी आता घरी पुरणयंत्र वापरते, त्याने एकही गाठ राहत नाही आणि पेशीही फारशा फुटत नाहीत. आजी काहीच मोजत नाहीत. त्यांच्या हाताखालून गेलेलं मी वजनकाट्यावर ठेवून लिहून घेतलं: अर्धा किलो कुस्करलेला बटाटा, 100 ग्रॅम मैदा, 30 ग्रॅम लोणी, पाऊण चमचा मीठ. लोणी आधी बटाट्यात विरघळवायचं, मग मैदा. मळायचं नाही. हाताच्या तळव्याने आठ-दहा वेळा दाबून गोळा जुळवायचा, बस. पुरणपोळीची कणीक आपण जेवढी तिंबतो तेवढा इथे हात आखडता घ्यायचा. गोळा कोमट असतानाच त्याचे दोन भाग करून पिठी भुरभुरवून लाटायचे, प्रत्येक साधारण वीतभर रुंद, अर्ध्या सेंटिमीटरहून थोडा जाड. प्रत्येकाचे चार चतकोर.

तव्याचीही एक खूण आहे. आजींकडे त्यांच्या आईचा बिडाचा सपाट तवा आहे, वर कमानीसारखी कडी असलेला. पूर्वी तो चुलीवर आकड्याला टांगायचे. तेल अजिबात नाही. तापल्यावर त्यावर चिमूटभर मैदा टाकायचा. तो लगेच काळा पडला तर तवा जास्त तापलाय, पांढराच राहिला तर थांबायचं. हळूहळू बिस्किटासारखा रंग आला की मैदा पुसून घ्यायचा आणि चतकोर टाकायचे. एका बाजूला चार मिनिटं, हात न लावता. उलथन्याने कड उचलून पाहिली तर तपकिरी डाग, मधूनमधून पांढरी पिठी. उलटवून आणखी चार मिनिटं. खाली उतरवले की फडक्यात गुंडाळून ठेवायचे, भाकरी ठेवतो तसे.

ते भाजले जात असताना आजी त्यांच्या पणजोबांकडच्या लोकांबद्दल बोलल्या, जे 1840 च्या दशकात आयर्लंडमधला लिट्रिम परगणा सोडून गेले. 1845 मध्ये आयर्लंडच्या बटाट्यावर रोग आला. देशातली गरीब माणसं जवळजवळ बटाट्यावरच जगत होती, आणि बहुतेकांच्या शेतात ‘लंपर’ ही एकच जात होती. पुढच्या काही वर्षांत सुमारे दहा लाख माणसं भुकेने आणि साथींनी मेली, तितकीच देश सोडून गेली. बटाटा सडत होता तेव्हाही या देशातून धान्य जहाजांनी बाहेर जात होतं. आजी हे सांगताना तव्याकडेच बघत होत्या.

मी रोगाचं नाव विचारलं आणि घरी येऊन शोधलं: फायटोफ्थोरा इन्फेस्टन्स. म्हणजे आमचा करपा. पठारावर श्रावणात धुकं दोन-तीन दिवस हललं नाही की बाबा सकाळी चहाआधी शेतात जायचे आणि पान उलटं करून बघायचे. पानाच्या खालच्या बाजूला पांढरी बुरशी दिसली की घरातलं बोलणं बंद व्हायचं. आमच्याकडे फवारणी होती, दुसरं पीक होतं. इथल्या लोकांकडे दोन्ही नव्हतं. तेव्हापासून पातेल्याच्या तळाला लागलेला बटाटासुद्धा मी खरवडून घेते.

चौथ्यांदा माझ्या घरी, माझ्या तव्यावर जमला. गरम असताना नुसतं लोणी लावून दोन खाल्ले. उरलेले दुसऱ्या दिवशी लोण्यात खरपूस परतून अंड्याबरोबर. खरं सांगायचं तर दुसऱ्या दिवशीचा मला जास्त आवडतो. बाहेरून कडक होतो आणि मीठ पुढे येतं. आजी आता ‘बॉक्स्टी’ शिकवणार आहेत. त्यात अर्धा बटाटा कच्चा किसून, फडक्यात पिळून घालतात. तो लिट्रिम-कॅव्हनकडचा प्रकार.

बाबांना व्हिडिओ कॉलवर तवा दाखवला. त्यांनीही आजींसारखंच आधी विचारलं, कुठला बटाटा? आपल्या ‘कुफरी ज्योती’ जातीचा होईल का? दिवाळीत गेले की आईच्या बिडाच्या तव्यावर करून बघणार आहे. नव्या बटाट्यात पाणी जास्त असेल, म्हणून मागचा, थोडा मुरलेला बटाटा बाजूला ठेवायला सांगितलंय, आणि एक जुनं सुती धोतर, फडक्यासाठी.