शिवा केशवनची शेवटची ऑलिम्पिक रन बघायला प्योंगचांगला गेलो तेव्हाचा अनुभव

2018 ला आम्ही कोरियात सुवॉनला राहायचो, आणि विंटर ऑलिम्पिक तिथेच प्योंगचांगला होतं म्हटल्यावर एक तरी इव्हेंट बघायचाच असं मी आधीच ठरवलेलं. ऑफिसमधले सगळे फिगर स्केटिंग नाहीतर शॉर्ट ट्रॅक स्केटिंगच्या तिकिटांच्या मागे, मला मात्र ल्यूजच (छोट्या स्लेडवर उताणं झोपून बर्फाच्या ट्रॅकवरून खाली यायची शर्यत) बघायचं होतं कारण त्यात आपला भारताचा शिवा केशवन होता. नवरा म्हणाला, "अगं, आपला माणूस तिसावा-चाळिसावा येणार, त्यासाठी एवढ्या थंडीत मरायला कशाला जायचं?" पण नागानो 1998 ला सोळाव्या वर्षी सुरुवात केलेला माणूस सहाव्यांदा ऑलिम्पिकला येतोय, तेही शेवटचं, आणि आपण त्याच देशात राहून घरी टीव्ही बघत बसायचं, हे मला काही पटेना.

तिकीट काढताना पहिली अडचण कार्डाची. ऑनलाइन पेमेंटला व्हिसा कार्डच पाहिजे, आणि माझं बँकेचं कार्ड फक्त कोरियात चालणारं, मग शेवटी नवऱ्याच्या कार्डवर काढलं. ल्यूजची तिकिटं मिळायला तशी सोपी होती आणि फिगर स्केटिंगपेक्षा खूपच स्वस्त. पुरुषांच्या एकूण चार रन असतात, दोन शनिवारी 10 फेब्रुवारीला आणि दोन रविवारी 11 ला. आम्ही रविवार घेतला. इथे एक गोष्ट लक्षात ठेवा, तिसऱ्या रननंतर फक्त पहिल्या 20 जणांनाच चौथी रन मिळते, म्हणजे आपला खेळाडू बघायचा असेल तर तिसरी सुरू व्हायच्या आत पोचायलाच पाहिजे.

प्रवास मात्र मस्त झाला. सुवॉनहून एक नंबरच्या मेट्रो लाइनने छोंगन्यांगनी आणि तिथून केटीएक्स या फास्ट ट्रेनने जिन्बू. ही रेल्वेलाइन खेळांच्या जेमतेम दोन महिने आधी, डिसेंबर 2017 मध्ये चालू झालेली. जिन्बू स्टेशनबाहेर फुकट शटल बस, प्रत्येक वळणावर व्हॉलंटियर उभे, बहुतेक कॉलेजची पोरं, गारठलेली पण हसून रस्ता दाखवणारी. प्योंगचांग यजमानपदासाठी दोनदा हरलं होतं, 2010 चे खेळ व्हँकुव्हरला गेले, 2014 चे सोचीला, आणि तिसऱ्या वेळी 2011 मध्ये डर्बनला झालेल्या मतदानात नंबर लागला. इतकी वर्षं वाट बघितलेल्या गावाचा उत्साह त्या पोरांच्या तोंडावर दिसत होता, मला तरी दिसला.

थंडीचं काय सांगू. तापमान शून्याच्या बरंच खाली आणि वर वारा, त्याच दिवशी वाऱ्यामुळे पुरुषांची डाउनहिल स्कीइंगची शर्यत पुढे ढकलली गेली होती. जाणार असाल तर दोन थर थर्मल, लोकरीचे मोजे आणि हॉटपॅक भरपूर घ्या, खिशात वेगळे आणि बुटात घालायचे चिकटणारे वेगळे. मोबाइलची बॅटरी गारठ्यात झपकन उतरते, फोन आतल्या खिशात ठेवा.

ल्यूज जिथे होतं तो अल्पेन्सियाचा ट्रॅक म्हणजे डोंगरावरून वळत खाली येणारी काँक्रीटची पन्हळ, आत कूलिंगचे पाइप आणि वर बर्फाचा थर. 16 वळणं. खेळाडू वर बसून दोन्ही बाजूंचे हँडल धरून स्वतःला पुढे ओढतो, मग खिळ्यांच्या ग्लोव्हजने बर्फावर दोन-तीन हात मारतो आणि उताणा झोपतो, पाय पुढे. ब्रेक नाही, स्टिअरिंग नाही, पोटऱ्यांचा आणि खांद्याचा दाब बस. ताशी 120-130 चा वेग. ट्रॅकच्या कडेला उभं राहिलं की आधी खरखर आवाज येतो आणि मान वळवेपर्यंत स्लेड गेलेली असते, बाकी सगळं स्क्रीनवर. म्हणून वळणाच्या वरच्या बाजूला उभे राहा आणि स्क्रीनही दिसेल असं बघा.

शिवाचं नाव अनाउन्स झालं तेव्हा मी झेंडा धरून इतकी ओरडले की शेजारच्या कोरियन आजी पण माझ्याबरोबर ओरडायला लागल्या, कोण आहे ते माहीत नसताना. आदल्या दिवशी पहिल्या रनला त्याला 50.578 सेकंद लागले होते, या तिसऱ्या, म्हणजे त्याच्या शेवटच्या रनला 48.900. एकूण चाळीस जणांत तो 34 वा. आता हे नीट बघा, गोल्ड मिळवणाऱ्या ऑस्ट्रियाच्या डेव्हिड ग्लायर्शरची चार रनची सरासरी काढली तर साधारण 47.7 येते. म्हणजे शिवाच्या या रनमध्ये आणि त्यात सव्वा सेकंदाच्या आसपासचा फरक. ज्या देशात असा एकही ट्रॅक नाही, जो मनालीकडच्या घाटरस्त्यांवर स्लेडला चाकं लावून गाड्या चुकवत प्रॅक्टिस करायचा, त्याचा हा सव्वा सेकंद आहे. 34 वा आला म्हणून ज्यांनी व्हॉट्सअपवर हसायच्या स्मायली टाकल्या त्यांना मी हेच लिहून पाठवलं.

चौथ्या रनला थांबलो ते बरं झालं, कारण 2010 आणि 2014 चा चॅम्पियन जर्मनीचा फेलिक्स लॉख पहिला होता आणि शेवटच्या रनमध्ये नवव्या वळणावर चुकला, थेट पाचवा. त्या वळणाने कोणालाच सोडलं नाही.

परतीला जिन्बूला लांब रांग, घरी पोचायला पार उशीर, सोमवारी ऑफिस. मला काही वाटलं नाही.

हे सगळं आत्ता लिहायचं कारण वेगळं आहे. त्याच ट्रॅकवर 2024 ला युथ ऑलिम्पिक झालं आणि मोनोबॉबमध्ये (एकट्याने चालवायची बॉबस्लेड) ट्युनिशियाच्या पोराला आणि थायलंडच्या पोरीला सिल्व्हर मिळालं. ट्युनिशिया! थायलंड! त्यांच्याकडे कुठला बर्फाचा ट्रॅक? प्योंगचांगच्या लेगसी फाउंडेशनने बर्फ नसलेल्या देशांतल्या पोरांना तिथे बोलावून तयार केलं. आपल्याकडे तर बर्फ आहे, गुलमर्ग आहे, लेह आहे, मनाली आहे, आणि स्केटिंगच्या चाकांवर जीव टाकणारी पोरं पुण्या-मुंबईत गल्लोगल्ली आहेत. ट्रॅक बांधायला शेकडो कोटी लागतात, मान्य. पण चार पोरांना दरवर्षी प्योंगचांगला पाठवायला तेवढे लागत नाहीत, आणि ते आपल्या फेडरेशनने आणि मंत्रालयाने याच सीझनपासून करावं.